फुफ्फुसं नवी होत नाहीत, तरीही

सिगारेट सोडणाऱ्याच्या मोबाइलवर एक तक्ता हमखास येऊन पडतो. शेवटच्या झुरक्यानंतर 20 मिनिटांत नाडी सावकाश होते, दिवसभरात रक्त शुद्ध होतं, काही महिन्यांत फुफ्फुसं साफ होतात आणि 10-15 वर्षांत माणूस जणू कधी ओढतच नव्हता, असा त्याचा सूर. याच्या उलट टोकाला पानटपरीवरचं तत्त्वज्ञान आहे: 30 वर्षं ओढली, आत जे जळायचं ते जळून गेलं, आता सोडून काय मिळणार? वरवर पाहता एक पक्ष आशावादी आणि दुसरा निराश. पण दोघेही एकाच प्रश्नाला धरून बसले आहेत, की फुफ्फुस पूर्वीसारखं होतं का? माझ्या मते हा प्रश्न विचारण्यातच गफलत आहे. निरोगी माणसाचीही फुफ्फुसं तिशीनंतर हळूहळू झिजतच असतात. तेव्हा हिशोब करायचा तो इथून पुढच्या झिजेच्या वेगाचा.

आधी त्या तक्त्याचं पाहू. त्यात खरं पुष्कळ आहे. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दर चार-पाच तासांनी निम्म्यावर येतो, त्यामुळे एका दिवसात तो जवळपास निघून जातो ही थाप नव्हे. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर केसांहून बारीक रोमक असतात. ते एकाच लयीत हलत कफ आणि धूळ घशाकडे ढकलतात. धुरानं मंदावलेले हे रोमक धूर थांबल्यावर पुन्हा कामाला लागतात, म्हणून छातीत होणारे संसर्ग कमी होतात. तक्ता घसरतो तो यापुढे. श्वासनलिकांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांच्या पातळ भिंती एकदा फाटल्या की त्या पुन्हा उभ्या राहत नाहीत. एम्फिसीमा म्हणतात तो हाच. तो सोडण्यानं भरून येत नाही, आणि बाजारात ‘लंग डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांनी तर नाहीच. (गुळानं छाती साफ होते हा आपल्याकडचा जुना समज. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुफ्फुसाच्या वाटेला जातच नाही.)

मग सोडून मिळतं काय? याचं उत्तर 1977 साली फ्लेचर आणि पेटो यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. पश्चिम लंडनमधल्या नोकरदार पुरुषांना त्यांनी आठ वर्षं नळीत फुंकायला लावलं आणि जोरानं फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजलं. निष्कर्ष असा की सोडणाऱ्याला गेलेली क्षमता परत मिळत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्याच्या वेगावर येते. पुढे अमेरिका आणि कॅनडात सुमारे सहा हजार धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या ‘लंग हेल्थ स्टडी’नं याला नेमके आकडे दिले. सोडणाऱ्यांची क्षमता पहिल्या वर्षात सरासरी 47 मिलिलिटरनं, म्हणजे जेमतेम दोन टक्क्यांनी वाढली. ‘साफ’ होणं म्हणतात ते एवढंच! पण त्याच लोकांची 11 वर्षांनंतरची मोजणी पाहा. ओढत राहिलेले पुरुष दरवर्षी सुमारे 66 मिलिलिटर गमावत होते आणि सोडून राहिलेले 30. वर्षाचा फरक 36 मिलिलिटर, टपरीवरच्या कटिंगपेक्षाही कमी. 11 वर्षांत तो 400 मिलिलिटरच्या घरात जातो. ज्याची क्षमता आधीच घटलेली आहे त्याला एवढ्या हवेच्या फरकानं दोन जिने चढता येतात किंवा पहिल्याच मजल्यावर धाप लागते. ‘आता काय उपयोग’ म्हणणाऱ्याचं गणित इथे उलटं पडतं, कारण ज्याच्याकडे कमी उरलं आहे त्याला प्रत्येक मिलिलिटर जास्त मोलाचा.

यावर कोणी 2020 मधलं ‘नेचर’चं संशोधन पुढे करील. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूट आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या शास्त्रज्ञांना सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत 40 टक्क्यांपर्यंत पेशी जवळजवळ निरोगी माणसासारख्या आढळल्या. ओढत असलेल्यांच्या चौपट. ‘फुफ्फुसं जादूनं बरी होतात’ असे मथळे तेव्हा झळकले. शोध विलक्षण आहेच, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. बिघडलेल्या पेशी तिथे दुरुस्त झालेल्या नव्हत्या. धुराच्या माऱ्यातून बचावलेल्या थोड्या पेशींनी वाढून अस्तराचा काही भाग पुन्हा व्यापला, असा संशोधकांचा कयास आहे. तेही श्वासनलिकेच्या अस्तरात, फाटलेल्या वायुकोशांत नव्हे, आणि पाहणी अवघ्या 16 जणांची. या शोधातून कॅन्सरचा धोका का घटतो ते कळतं. दम का भरून येत नाही याला त्यानं धक्का लागत नाही.

टपरीवरचे बाकीचे आक्षेप फार वेळ घेणारे नाहीत. ‘अमक्यानं सोडली आणि सहा महिन्यांत कॅन्सर निघाला’, कारण बरेच जण छातीत काही बिनसल्यावरच सोडतात. रोग आधीचा असतो, निदान नंतरचं. सोडल्यावर खोकला वाढतो तो बहुधा रोमक जागे झाल्याचा, आणि काही आठवड्यांत ओसरतो. ‘दिवसाला तीनच ओढतो’ हाही बचाव टिकत नाही. नॉर्वेतल्या पाहणीत दिवसाला 1 ते 4 सिगारेटी ओढणाऱ्यांतही हृदयविकारानं मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. राहिली विडी. टेंभुर्णीचं पान म्हणजे निसर्गाचं देणं, असं मानणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्या पानातून हवा खेळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके भराभर मारावे लागतात, आणि धूर तेवढा खोल जातो. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये भारतातल्या मृत्यूंचा जो देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे 10 वर्षांनी घटलेलं दिसलं, विडी ओढणाऱ्या पुरुषांचं 6 आणि विडी ओढणाऱ्या बायकांचं 8 वर्षांनी. याला सवलत म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं.

खरा वजनदार आक्षेप डॉक्टरांकडून येतो. ते म्हणतात, तक्ता थोडा गोड करून सांगितला म्हणून बिघडलं काय? ‘गेलं ते परत येत नाही’ असं तोंडावर सांगितलं तर माणूस सोडण्याचा विचारच सोडून देईल. या भीतीची परीक्षा झालेली आहे. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये 561 धूम्रपान करणाऱ्यांची फुंकर मोजली. निम्म्यांना नुसते आकडे दिले आणि निम्म्यांना ‘तुमच्या फुफ्फुसाचं वय इतकं’ असं स्पष्ट सांगितलं. वर्षभरानं पहिल्या गटात 6.4 टक्के लोकांनी सोडलेली होती, दुसऱ्यात 13.6 टक्के. ज्यांचं ‘वय’ ठीक निघालं तेही सुटले आणि ज्यांचं वाईट निघालं तेही. म्हणजे हे निव्वळ भीतीचं काम नव्हे. गोड तक्त्याचा तोटा मात्र उघड आहे. सहा महिन्यांनी जिना चढताना पूर्वीइतकीच धाप लागली की माणसाला फसल्यासारखं वाटतं, आणि पाकीट पुन्हा खिशात येतं.

तेव्हा साठीला आलेल्या माणसालाही खरा आकडाच सांगावा. ब्रिटनमध्ये ओढत राहिलेल्या पुरुषाची 75 वर्षांच्या आत फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याची शक्यता सुमारे 16 टक्के होती. साठीला सोडली तर 10, पन्नाशीला 6, चाळिशीला 3. तिशीला सोडली तरी 2 टक्के उरतातच, कधीच न ओढणाऱ्याइतकी ती खाली येत नाही. हेही त्याला सांगावं.