पहिल्या खेळ्या कुणाच्या?

संगणकांच्या बुद्धिबळाचे मला वेड लागले आहे, असे आमच्या घरात हल्ली उघड बोलले जाते. खेळणारी दोन्ही यंत्रे, पाहणारा मी एकटा, आणि चहा मात्र खऱ्या माणसाला करावा लागतो, ही सौभाग्यवतींची तक्रार रास्तच आहे. पण या सामन्यांतही एक माणूस असतो, आणि आज सांगायचे आहे ते त्याच्याविषयी. दोन यंत्रांचा डाव कोणत्या खेळ्यांनी सुरू व्हायचा, हे तो ठरवतो.

वाचक म्हणतील, ज्या यंत्रापुढे जगज्जेत्याचे काही चालत नाही, त्याला पहिल्या खेळ्या माणसाने का सांगाव्यात? प्रश्न बिनतोड आहे. उत्तर एवढेच, की यंत्रे फार चांगली खेळू लागली म्हणून. दोघांनाही मोकळे सोडले, तर दोघेही बिनचूक वाट धरतात आणि डाव बरोबरीत सुटतो. टॉप चेस एंजिन चँपियनशिप, म्हणजे जाणकारांची 'टीसेक', ही या खेळातली मानाची स्पर्धा. तिचा अंतिम सामना शंभर डावांचा. 2019 साली संपलेल्या चौदाव्या हंगामात स्टॉकफिशने लीलाला साडेपन्नास विरुद्ध साडेएकोणपन्नास असे हरवले. त्या शंभरांतले 81 डाव बरोबरीत! आणि हे आरंभ बाहेरून नेमून दिलेले असताना.

पूर्वी प्रत्येक यंत्र आपले आरंभाचे पुस्तक घेऊन येई. ते पुस्तक तयार करणारा असे माणूसच. 1997 साली डीप ब्ल्यूने कास्पारोवला सहाव्या डावात अवघ्या एकोणीस खेळ्यांत गुंडाळले, तेव्हा ज्या घोड्याच्या बलिदानाने जग थक्क झाले, ते यंत्राला पटावर सुचलेले नव्हते. ते पुस्तकात आधीच लिहून ठेवलेले होते. यंत्राने फक्त पान उलटले. सामना यंत्रांचा आणि लढाई पुस्तके लिहिणाऱ्यांची, असा तो मामला. म्हणून टीसेकमध्ये पुस्तके बाहेर ठेवली आणि आरंभ निवडण्याचे काम तिऱ्हाइताकडे दिले. जेरोन नोमेन हे डच गृहस्थ त्यांतले नामांकित. रेबेल आणि रिब्का या यंत्रांसाठी त्यांनी पूर्वी पुस्तके तयार केली होती. जन्मभर एका पक्षाची वकिली करून मग न्यायाधीश व्हावे, तसेच हे म्हणायचे.

न्याय सोपा आहे. एकच आरंभ दोनदा खेळायचा, दुसऱ्या वेळी सोंगट्यांचे रंग बदलून. पन्नास आरंभ, शंभर डाव. वाईट बाजू दोघांच्याही वाट्याला येते, तेव्हा कुरकुरीला जागा नाही.

कठीण आहे ती निवड. आरंभ अगदी समतोल घेतला, तर दोन्ही डाव बरोबरीत. फार कलता घेतला, तर ज्याच्याकडे पांढरी तो जिंकणार, दोघांचा एकेक डाव आणि पुन्हा कुणीच मोठा नाही. हवी असते ती मधली चिंचोळी पायवाट: काळी घेऊन एकाला जेमतेम तग धरता येईल आणि दुसऱ्याला येणार नाही, अशी. डिसेंबर 2022 पासून स्टॉकफिशने आपला तराजूच या हिशेबाने बांधला आहे. काटा एकावर आला, की त्याचा अर्थ 'एक प्यादे जास्त' असा धरायचा नाही. तोडीस तोड खेळणारे असतील तर अशा शंभर डावांत पन्नास जिंकता येतील, असा धरायचा. म्हणजे काटा एकाच्या आसपास थरथरतो आहे, तिथेच निवडणाऱ्याने पाट मांडावा. स्टॉकफिशची नवी आवृत्ती जुनीपेक्षा बरी आहे का, हे तपासायलाही असेच कलते आरंभ वापरतात. त्या संग्रहाचे नाव 'अनबॅलन्स्ड ह्यूमन ओपनिंग्ज'. त्यातला 'ह्यूमन' शब्द वाचून मला मनापासून आनंद झाला. आरंभ घेतले आहेत ते माणसांनी खेळलेल्या डावांतून.

आमच्या चिरंजीवांना हे पटत नाही. "मग निकाल त्या निवडणाऱ्याच्याच हातात की हो, बाबा!" मुद्दा खोटा नाही. रंगांची अदलाबदल केली, तरी कल राहतोच. आरंभीच्या वर्षांत लीलाला कोंडलेल्या प्याद्यांचे, सावकाश शिजणारे डाव मानवत. मारामारीत स्टॉकफिश जबर. कुणी एकाच थाटाचे पन्नास आरंभ निवडले, तर एकाही खेळीला हात न लावता सामना झुकवता येईल. इंग्रजी चेकर्सच्या खेळात बरोबरींचा असाच सुकाळ झाला, तेव्हा त्या मंडळींनी पहिल्या तीन खेळ्या चिठ्ठी काढून ठरवण्याची प्रथा पाडली. चिठ्ठीला पक्षपात माहीत नाही, हे खरे. पण चिठ्ठीला चवही नाही. मी माणसाच्याच बाजूने मत देईन, मात्र त्याने सगळ्या चवीचे पदार्थ ताटात वाढले पाहिजेत.

कारण चिठ्ठीला किंवा यंत्राला ज्याची आठवण राहणार नाही, ते हा माणूस सांभाळतो. उंटापुढचे प्यादे पुढे टाकणारा किंग्ज गँबिट आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या युरोपीय वीरांचा लाडका. यंत्राला विचाराल तर ते पहिल्याच खेळीला नाक मुरडते आणि स्वतःहून त्या वाटेला जात नाही. किंग्ज इंडियनचीही तीच गत. 1850 च्या दशकात कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराशी महेशचंद्र बॅनर्जी हा बचाव खेळत. आपल्या देशी डावात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते. ती सवय हाडीमाशी खिळलेली. म्हणून त्यांनी प्यादी एकेक घर पुढे करून, उंट कोपऱ्याजवळ ठेवून, मधला प्रदेश साहेबाला खुशाल घेऊ दिला आणि मग बाजूने हल्ला चढवला. यंत्रांच्या मते यात काळ्याचे नुकसान आहे, काटा लगेच पांढऱ्याकडे कलतो. नेमका हवा तेवढाच! तेव्हा निवडणारा तो आरंभ यादीत घालतो, आणि आपल्या मनाने ज्या खेळ्या कधी खेळले नसते, त्या पटावर मांडलेल्या पाहून यंत्र मुकाट्याने काळी घेते आणि पुढे कित्येक तास महेशचंद्रांचा किल्ला लढवत राहते.