अंदाजाचा एक टक्का आणि पोह्यांचा तोटा

वस्तूची किंमत म्हणजे बीजकावर छापलेला आकडा, हा समज आपल्या व्यापारात आणि शासनव्यवहारात सारखाच खोलवर रुजलेला आहे. हा समज चुकीचा आहे. वस्तूची खरी किंमत ती आपल्या दारात पोचल्यावर ठरते. खरेदीची रक्कम, मोटारभाडे, विमा, परत न मिळणारे कर आणि हमाली एकत्र केल्यावर जो आकडा येतो, त्याला व्यापारात ‘लँडेड कॉस्ट’ म्हणतात. मी त्यास ‘दारपोच किंमत’ म्हणेन.

ही काही नवी कल्पना नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेचे साठ्याच्या मूल्यांकनाविषयीचे लेखामानक क्रमांक २ हेच सांगते. माल आणण्याचा प्रत्यक्ष खर्च साठ्याच्या किमतीत धरावा, मात्र जो कर पुढे वजा मिळतो तो धरू नये. म्हणजे वस्तू व सेवा कराचा परतावा घेणाऱ्या व्यापाऱ्याने तो कर किमतीत मिळवायचा नाही. आपसमेळ योजनेतील छोट्या दुकानदाराला मात्र असा परतावा मिळत नाही, म्हणून त्याने तो मिळवलाच पाहिजे. नियम स्पष्ट आहे. गोंधळ होतो तो पुढच्या पायरीवर. एकाच गाडीतून दहा जिन्नस आले, तर भाडे कोणावर किती टाकायचे?

एक काल्पनिक हिशोब पाहू. बेंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये आठव्या क्रॉसच्या बाजारात एखाद्या मराठी दुकानदाराने कोकणातून १०० किलो पोहे ६० रुपये दराने आणि २० किलो आमसूल ३०० रुपये दराने मागवले, असे समजा. दोहोंची रक्कम प्रत्येकी ६,००० रुपये. भाडे व हमाली मिळून २,४०० रुपये. पोहे तो ७६ रुपयांना विकतो आणि आमसूल ३८० रुपयांना.

बीजकाकडे पाहिले तर पोह्यांवर किलोमागे १६ रुपये नफा दिसतो. भाडे मूल्याच्या प्रमाणात वाटले तर पोहे ७२ रुपयांना पडतात आणि नफा ४ रुपये उरतो. परंतु गाडीवाल्याने भाडे घेतले ते वजनावर. वजनाप्रमाणे वाटणी केली की पोहे ८० रुपयांना पडतात, म्हणजे किलोमागे ४ रुपये तोटा. आमसुलावर मात्र २० ऐवजी ६० रुपये मिळतात. दोन्ही वाटण्यांत एकूण नफा ८०० रुपयेच येतो, त्यामुळे वर्षअखेरच्या ताळेबंदात काहीच खटकत नाही. दुकानदार पोहे चालतात म्हणून आणखी मागवतो, आणि जितके विकतो तितके गमावतो. त्याला बुडवणारी चूक त्याच्याच वहीत बसलेली असते, आणि त्या वहीची बेरीज बरोबर असते!

आता कोणी म्हणेल, ही किराणा दुकानाची गोष्ट झाली, प्रशासनाशी तिचा काय संबंध? फार जवळचा आहे. आयात मालावरील सीमाशुल्क आकारताना माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च, प्रत्यक्षात कितीही असो, मालाच्या मूल्याच्या एक टक्का धरावा, असा नियम केंद्र सरकारने १९९० मध्ये केला. उतरवणीचा खर्च साधारणतः वजन आणि आकारमानावर ठरतो. हलक्या पण महागड्या यंत्रभागांवर त्यामुळे न झालेल्या खर्चाचा कर बसू लागला. अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तेलाच्या उद्योगातून जन्मलेल्या आणि पुढे बेंगळूरची म्हणून ओळखल्या गेलेल्या विप्रो कंपनीने या नियमाला आव्हान दिले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्रत्यक्ष खर्च कळू शकतो तेथे कल्पित टक्केवारी लादता येणार नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये नियमातून हा आकार वगळण्यात आला.

न्यायालयाने सरकारला जे सांगितले, ते आपण आपल्या साठ्याच्या हिशोबात अजून पाळत नाही. संगणक-प्रणालींत ही सोय नाही, असे मुळीच नव्हे. बेंगळूरच्याच टॅलीमध्ये खरेदीचे जादा खर्च संख्येप्रमाणे की मूल्याप्रमाणे वाटायचे, ते निवडता येते. निवड मात्र माणसालाच करावी लागते. ‘छोट्या माणसाला एवढा वेळ कुठला?’ हा आक्षेप मी पुष्कळ ऐकला आहे. पण तोट्याचा माल विकायला त्याच्याजवळ वेळ असतोच ना?

माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे. पहिली, प्रत्येक खर्चाची वाटणी त्या खर्चाच्या कारणाप्रमाणे व्हावी. भाडे वजनावर, विमा व सीमाशुल्क मूल्यावर. सगळ्यांना एकच पट्टी लावू नये. दुसरी, डझन आणि किलो यांची बेरीज करून ‘संख्येप्रमाणे’ वाटणी करू नये. तिसरी, भाड्याचे बिल उशिरा आले आणि तोवर ७० किलो माल विकला गेला असेल, तर सगळा बोजा उरलेल्या ३० किलोंवर टाकू नये. विकलेल्या मालाचा वाटा विक्रीच्या खर्चातच गेला पाहिजे.

सरकारी भांडारात तर याहून मूलभूत काम बाकी आहे. तेथे साहित्य एका लेखाशीर्षातून घेतले जाते, वाहतूक दुसऱ्यातून आणि हमाली किरकोळ खर्चातून. वर्षातून एकदा भांडारपाल नग मोजतो, आणि नग बरोबर भरले की पडताळणी झाली! दुर्गम तालुक्यात पोचलेल्या एका औषधपेटीला किंवा एका पाठ्यपुस्तकाला नेमका किती खर्च आला, हे या तीन शीर्षांच्या तीन कागदांतून कोणालाही सांगता येत नाही. मग जवळच्या पुरवठादाराचा थोडा चढा दर खरे तर स्वस्त होता की नाही, हे निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्याने कशावरून ठरवावे?

दारपोच किंमत नोंदवल्याशिवाय माल साठ्यात जमा होऊ नये, एवढा एक नियम प्रत्येक कार्यालयाने आणि प्रत्येक दुकानाने स्वतःपुरता केला, तरी पुरे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.