'सापडले नाही' याचा अर्थ

संगणकाला आपण रोज काही ना काही शोधायला सांगतो. पण शोध कसा घ्यावा, हे आपल्याला कोणी शिकविते का? शाळेतील संगणकाच्या तासाला चित्रे रंगविणे, तक्ते आखणे हे सारे होते. त्यातला एखादा तास 'ग्रेप' नावाच्या एका जुन्या, साध्या प्रोग्रॅमसाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रेपला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. कळफलकावरून आज्ञा द्यायची : आधी 'ग्रेप', मग शोधायचा मजकूर, मग फाइलचे नाव. तो फाइल ओळीओळीने वाचतो आणि ज्या ओळीत तो मजकूर असेल, ती ओळ पडद्यावर दाखवितो. लिनक्स आणि मॅक संगणकांवर तो सहसा आधीपासूनच असतो.

त्याच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. अमेरिकेत १७८७-८८ मध्ये 'फेडरलिस्ट' नावाचे ८५ लेख एकाच टोपणनावाने प्रसिद्ध झाले. लेखक मात्र तिघे होते, आणि काही लेख नेमके कोणाचे, हा वाद पुढे बराच काळ चालला. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांना हा मजकूर संगणकाने तपासायचा होता. पण तेथील 'एड' या संपादन-प्रोग्रॅमच्या स्मृतीत तो मावेना. केन थॉम्प्सन यांनी एडमधील शोधण्याचा भाग तेवढा वेगळा काढून स्वतंत्र प्रोग्रॅम केला. हाच १९७३ चा ग्रेप. एडमधील 'ग्लोबल, रेग्युलर एक्स्प्रेशन, प्रिंट' या आज्ञेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले.

आता एक गंमत पाहा. तुमच्या प्रयोगवहीच्या फाइलमध्ये तुम्ही '९.८' शोधलेत, तर '९२८' असलेली ओळही पुढे येईल! कारण ग्रेपच्या भाषेत बिंदू म्हणजे 'कोणतेही एक अक्षर'. खराच दशांशचिन्हाचा बिंदू हवा असेल, तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. चूक ग्रेपची नाही. आपण विचारले तेच त्याने शोधले.

उलट प्रकारची अडचण मराठीत येते. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातील 'ऱ्या' संगणकात दोन रीतींनी साठविलेला आढळतो. एका रीतीत 'ऱ' या खास अक्षराचा संकेतांक असतो. दुसरीत साधा 'र', हलन्ताचे चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु ग्रेप रूप पाहत नाही, संकेतांक ताडून पाहतो. त्यामुळे शब्द डोळ्यांसमोर असूनही तो एकही ओळ दाखविणार नाही, असे घडू शकते. मग 'या फाइलमध्ये हा शब्द नाही' असे म्हणायचे का?

भौतिकीच्या प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही, तर 'प्रवाह नाही' असे आपण लगेच लिहीत नाही. मंडल पूर्ण आहे का, उपकरण पुरेसे संवेदनक्षम आहे का, हे आधी पाहतो. शोधाचेही तसेच आहे. 'सापडले नाही' एवढीच आपली नोंद. 'अस्तित्वातच नाही' हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. दोहोंमधील अंतर ओळखणे हा विज्ञानाचा पहिला धडा आहे.

कोणी म्हणेल, "आंतरजालावर शब्द टाकला की उत्तर मिळते, मग हा खटाटोप कशाला?" ती सोय मोठी आहे, यात शंका नाही. तेथील यंत्रणा आपले शुद्धलेखन सुधारते, आपल्या मनात काय असावे याचा अंदाज बांधते आणि उत्तरांचा क्रमही स्वतःच ठरविते. पण तो अंदाज बरोबर होता की नाही, हे तपासण्याची सवय त्यामुळे सुटते. ग्रेप अंदाज बांधत नाही. म्हणून प्रश्न नेमका करण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि शिक्षणाच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण आहे.

शिक्षकांना माझी सूचना अशी : मराठी मजकुराची एक फाइल वर्गाला द्या. प्रत्येक विद्यार्थ्याने काय शोधायचे ते आधी वहीत लिहावे, किती ओळी मिळतील याचा अंदाज मांडावा, मगच आज्ञा द्यावी. अंदाज चुकला, तर कारण शोधावे. त्या एका तासात विद्यार्थी जे शिकतील, ते संगणकापुरते राहणार नाही.