डॉक्टरांचा शब्द ही अमानत

रमजान सुरू झाला की शहरातल्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "डॉक्टरसाहेब, यंदा रोजे ठेवू ना?" विचारणारे बहुधा मधुमेहाचे, रक्तदाबाचे जुने रुग्ण असतात. सकाळची गोळी सहेरीला, रात्रीची इफ्तारनंतर, मग दुपारच्या गोळीचे काय, अशी सगळी जुळवाजुळव ते कागदावर लिहून घेतात. समोरचा डॉक्टर कुलकर्णी आहे की काझी, हे कोणी पाहत नाही. तो "यंदा नको" म्हणाला तर माणूस खट्टू होतो, पण ऐकतो.

रोजा फर्ज आहे. आजाऱ्याला त्यातून सवलत आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे भरून काढावेत, बरे होण्याची आशाच नसेल तर गरिबाला जेवू घालावे. पण आजार सवलतीइतका मोठा आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? स्वतःच्या अनुभवावरून कळत नसेल तर जाणकार आणि विश्वासू तबीबाला विचारा, असे फिकहचे जाणकार सांगत आले आहेत. इथे 'विश्वासू' हा शब्द महत्त्वाचा. नुसते ज्ञान पुरेसे मानलेले नाही. ज्याच्या शब्दावर एक फर्ज पुढे ढकलता येते, त्याचा शब्द विकाऊ असून कसे चालेल?

तो विकला गेला तर काय होते, हे अमेरिकेने पाहिले आहे. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये 'ऑक्सिकॉन्टिन' ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी बाजारात आणली. हिची सवय लागण्याचा धोका एक टक्क्याहून कमी, असे विक्री प्रतिनिधी डॉक्टरांना सांगत. आधार काय, तर १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले जेमतेम पाच वाक्यांचे पत्र. तेही रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांविषयीचे. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात काहीच नव्हते. तरीही कंबरदुखी, गुडघेदुखीसाठी या गोळ्या लिहिल्या जाऊ लागल्या. वेस्ट व्हर्जिनियातले कर्मिट हे जेमतेम चारशे वस्तीचे गाव. तिथल्या एका औषध दुकानात दोन वर्षांत अशाच दुसऱ्या एका गोळीचे सुमारे नव्वद लाख नग पोहोचले. गोळी मिळेनाशी झाली तेव्हा अनेक जण हेरॉइनकडे वळले, पुढे फेंटॅनिल आले. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनाने ऐंशी हजारांहून अधिक माणसे दगावली. पर्ड्यूने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये गुन्हा कबूल केला. दुसऱ्या वेळच्या कबुलीत डॉक्टरांना दिलेल्या लाचेचाही समावेश होता.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. माटुंग्याच्या प्रसिद्ध रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले जॉन कपूर अमेरिकेत जाऊन औषध उद्योजक झाले. त्यांच्या इन्सिस कंपनीचा फेंटॅनिलचा फवारा कॅन्सरच्या असह्य वेदनांसाठी मंजूर झाला होता. तो कॅन्सर नसलेल्यांनाही लिहून द्यावा, म्हणून डॉक्टरांना 'व्याख्यानाचे मानधन' दिले जाई. व्याख्यान नावालाच, खरे मोल चिठ्ठीचे. २०१९ मध्ये बोस्टनच्या ज्युरीने कपूर यांना दोषी ठरवले आणि पुढच्या वर्षी त्यांना साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.

'नीम हकीम खतरा-ए-जान' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण इथे जीव अर्धवट हकिमाने घेतला नाही. ते पूर्ण शिकलेले, पदवीधर, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेले डॉक्टर होते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे म्हणून सुटता येणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवून दिले की मुंबईची एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडोल आणि कॅरिसोप्रोडोल यांचे व्यसन लावणारे मिश्रण पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. हे आरोग्याला घातक आहे, पण आजकाल धंदा असाच चालतो, असा कंपनीच्या संचालकाचा छुप्या कॅमेऱ्यासमोरचा सूर होता. सरकारने त्यानंतर या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात थांबवली. उत्तर घानातले टमाले हे मुस्लिमबहुल शहर. तिथली तरुण पोरे या गोळ्यांनी वाया जात होती, म्हणून गावकऱ्यांनीच पथक उभारून विक्रेत्यांवर छापे घातले. तिथेही याच चंद्राने रमजान सुरू होतो. आपल्या राज्यातल्या कंपनीचा माल त्यांच्या लेकरांना नासवत होता, याची लाज आपल्या सर्वांना वाटायला हवी.

मात्र यातून 'दुखणे सोसा' असा अर्थ कोणी काढू नये. सब्र म्हणजे उपचार नाकारणे नव्हे. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि तरी आपल्याकडचे कितीतरी कॅन्सरचे रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत जातात. १९८५ च्या कायद्याच्या धाकाने ते औषध दुर्मीळ केले. २०१४ मध्ये नियम सैल झाले, पण भीती अजून गेलेली नाही. ज्याला खरी गरज त्याला मिळत नाही आणि ज्याला नको त्याच्या गळी उतरवले जाते. दोन्हीकडे माणसाच्या वेदनेची किंमत शून्यच.

डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावरचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. डॉक्टर आणि रुग्णाचे नाते विश्वासाचे असते, हेच त्या निकालाचे मर्म. २०२४ च्या आचारसंहितेने भेटी आणि सहली यांना मनाई केली. पण तक्रारींचा निवाडा कंपन्यांच्याच संघटनांतल्या समित्यांनी करायचा आहे. कुंपणाकडेच शेताची राखण. हे काम स्वतंत्र यंत्रणेकडे गेले पाहिजे आणि संहितेला कायद्याचे दात हवेत.

आपणही तीन प्रश्न विचारायला शिकू या. या गोळीची सवय लागते का? किती दिवस घ्यायची? बंद कशी करायची? प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येणार नाही. आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पुन्हा पुन्हा त्याच गोळ्या आणणे थांबवू या.

रोजेदार घरात एकटा असतो, माठ समोर असतो, पाहणारे कोणी नसते. तरी तो पाणी पीत नाही. डॉक्टरची खोलीही अशीच बंद असते. तिथे लेखणी आणि कागद यांच्यामध्ये फक्त नियत असते. आपल्या शहरातले बहुतेक डॉक्टर ती सांभाळतात, म्हणूनच दरवर्षी आपण त्यांना निर्धास्तपणे विचारतो, "रोजे ठेवू ना?" हा निर्धास्तपणा टिकायला हवा.