‘आपल्याकडे असलं काही नसतं बे!’

थ्रिलरप्रेमींची एक जमात असते. शनिवारी रात्री जागून अख्खी सीरिज संपवायची, रविवारी दुपारपर्यंत ताणून द्यायची आणि सोमवारी ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये चहाच्या कपाबरोबर तिचं पोस्टमॉर्टेम करायचं! तुम्ही त्या जमातीतले असाल तर हात वर करा. नसाल तरी वाचा. कारण आजचा विषय खून नाहीये. खून बघून किंवा वाचून आपण जे बोलतो, तो आहे.

त्यातही थ्रिलर छोट्या गावातला असला की प्रतिक्रियांना वेगळाच रंग चढतो. ताजं उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ आली. दिग्दर्शक आशिष बेंडे. आशुतोष गोवारीकर, सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे अशी तगडी टीम. आणि गोष्ट चक्क खरी! 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये एकामागोमाग एक खून होत गेले. बळी गेल्या त्या बहुतेक बायका आणि लहान मुली. मुंबईहून रमाकांत कुलकर्णींना तपासासाठी पाठवलं गेलं आणि गुप्तधन, मूल व्हावं म्हणून केलेले अघोरी प्रकार असं सगळं बाहेर आलं. सीरिजला आधार आहे तो कुलकर्णींच्याच आठवणींच्या पुस्तकाचा.

सोलापूर ते तुळजापूर जेमतेम तासाभराचा रस्ता. तुळजापूरला पोचलात की तुम्ही मराठवाड्यातच असता. म्हणजे मानवत आपल्यासाठी काही परका मुलूख नाही. त्यामुळे इथल्या मित्रमैत्रिणींना, पुण्याला नोकरी करणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसवाल्यांना, लायब्ररीत भेटणाऱ्या पुस्तकवेड्यांना मी एकच प्रश्न विचारत सुटले, कसं वाटलं? उत्तरांचे सरळ तीन गट पडले.

पहिला गट : ‘मला आधीच कळलं होतं’
हे लोक म्हणजे जन्मजात डिटेक्टिव्ह. यांना दुसऱ्याच एपिसोडमध्ये सगळं कळलेलं असतं. यांची आवड घडली ती कोड्यांवर. आपल्या आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त रहस्यकथांपैकी मिळतील तेवढ्या फस्त केल्या, बाबांच्या पिढीला सुहास शिरवळकरांच्या बॅ. अमर विश्वासने वेड लावलं. कोडं पडणार, कोडं सुटणार, पुस्तक परत करून दुसरं आणणार! पण मानवतच्या केसमध्ये या गटाची पंचाईत होते. खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेले काही आरोपी वरच्या कोर्टात निर्दोष सुटले. ‘मग शेवटी खरं काय?’ असं म्हणत हे लोक चिडतात. खऱ्या केसमध्ये सगळे धागे जुळतीलच असं नसतं, बॉस!

दुसरा गट : ‘फारच डार्क आहे गं’
यांना ‘दृश्यम’ चालतो. निशिकांत कामतचा 2015 चा हिंदी ‘दृश्यम’ही छोट्या गावातलाच, गोव्यातल्या. पण तिथे आपण विजय साळगावकरच्या बाजूने असतो. 2 ऑक्टोबर आला की पणजीतला सत्संग आणि पावभाजी यावरचे जोक आजही मोबाइलवर फिरतात. खून राहिला बाजूला! मानवतच्या गोष्टीवर असा जोक होत नाही. हा गट तिसऱ्या एपिसोडला टीव्ही बंद करतो आणि मला विचाराल तर त्यात कमीपणा काहीच नाही. लहान मुलींचे खून हा वीकएण्डचा टाइमपास वाटत नसेल, तर ते चांगलंच लक्षण आहे.

तिसरा गट : ‘आपल्याकडे असलं काही नसतं बे!’
हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात इंटरेस्टिंग गट. नाक्यावरचा मित्र म्हणतो, आपल्या सोलापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात, इथे असं होणारच नाही. लातूरची मैत्रीण हेच लातूरबद्दल सांगते. मानवतच्या माणसाचं दुखणं आणखी वेगळं असणार. पन्नास वर्षं झाली, तरी गावाचं नाव घेतलं की समोरचा तेच विचारतो. आणि आता तर ते नाव थेट पोस्टरवर!

पण या गटाचं लॉजिकच तपासून बघू. रमाकांत कुलकर्णींच्याच करिअरमध्ये दोन गाजलेल्या केसेस आहेत. पहिली 1968 ची, मुंबईतल्या रमन राघवची. फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या माणसांना मारणारा तो, मरणाऱ्यांसाठी कुणीतरी अनोळखी. शहराची भीती ही अशी असते, अंधारातून कोण येईल ते माहीत नाही. दुसरी केस मानवतची. तिथे संशयाची सुई फिरली ती गावातल्याच माणसांभोवती. रोज रस्त्यात दिसणारे, नावाने हाक मारता येतील असे. म्हणजे ‘सगळे सगळ्यांना ओळखतात’ ही गोष्ट तिथे कामाला आलीच नाही.

आपल्याच शहराचं बघा ना. इथे बातमी मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत फिरते आणि संध्याकाळपर्यंत नव्या पेठेतून पूर्व भागात पोचलेली असते. कुणाचं लग्न मोडलं, कुणी फ्लॅट घेतला, कुणाचा पोरगा कुठल्या कंपनीत लागला, सगळं माहीत! पण कुणाच्या घरात बाबा-बुवा येऊन काय सांगून जातो, कुठल्या सुनेला मूल होत नाही म्हणून काय काय सोसावं लागतं, हेही माहीत असतंच की. फक्त ते कुणी मोठ्याने बोलत नाही. ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून सोडून देतो.

आणि हे सगळं 1970 च्या दशकातच संपलं, असं समजून निवांत होऊ नका. नरबळी आणि जादूटोण्याविरोधातला कायदा महाराष्ट्रात झाला तो 2013 मध्ये. त्यासाठी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्यानंतर. कायद्याची गरज पडली, कारण गुप्तधनाच्या आमिषाला भुलणारी माणसं सीरिजबाहेरही होती.

म्हणून मला वाटतं, डार्क थ्रिलर जरूर बघा, वाचा. फक्त संपल्यावरची चर्चा मेकअप, लोकेशन आणि ‘खुनी कोण’ यावरच थांबवू नका. कुणाला काय माहीत होतं आणि ते गप्प का राहिले, हेही एकदा बोलून बघा. जमलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर. त्यांच्या पिढीला कोड्याचं फार कौतुक नसतं आणि ते भलतंच नेमकं विचारतात.

माझ्या आजीने दोनच एपिसोड पाहिले. चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, ‘‘त्या पोरींच्या आयांचं पुढे काय झालं गं?’’

तिन्ही गटांतल्या एकानेही मला हे विचारलं नव्हतं.