आजींची गोळी आणि नातवाचा खेळ

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एक आजी दवाखान्यात आल्या. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाचा विकार जुना. त्या दिवशी रक्तदाब १८४/१०२ भरला. गोळ्या नियमित घेता का, असे विचारल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एक दिवसाआड घेतो जी, डॉक्टरसाहेब. नातवासाठी पैसे जमवून राहिलो."

नातू चौदा वर्षांचा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या व्हिडिओ गेमच्या सहाव्या भागासाठी तो दिवस मोजतो आहे. त्याची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दिसली. प्रकाशन २०२५ मध्ये अपेक्षित होते. ते २६ मे २०२६ वर आणि तेथून १९ नोव्हेंबर २०२६ वर गेले. त्यासाठी प्लेस्टेशन ५ किंवा त्याच तोडीचे यंत्र हवे. हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. आजींचे गोळ्यांतून वाचत होते महिन्याला जेमतेम साठ रुपये. या गतीने जवळपास सत्तर वर्षे लागली असती! हा हिशेब ऐकून त्यांनाही हसू आले.

वाट पाहणे हा आजार नव्हे. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलासाठी आम्हीही रात्रभर जागलो आहोत. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत असे आढळले, की रस मिळण्याची खूण ओळखीची झाली, की मेंदूतील डोपामिनच्या पेशी प्रत्यक्ष रसाआधी त्या खुणेलाच उद्दीपित होतात. जाहिरातदार नेमकी हीच खूण वारंवार दाखवितात. मोठा खेळ येण्याच्या सुमारास यंत्र, खेळ व जादा रिमोट एकाच खोक्यात बांधून 'साठा मर्यादित' म्हणून विकले जातात. अशा वेळी प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत विचारावी आणि हप्त्यांची एकूण बेरीज करावी. घाईचे कारण मला तरी दिसत नाही. याच मालिकेचा पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये आला, आणि तो आजही खेळला जातो. शिवाय त्या भागाला युरोपात १८ वर्षांवरील वयोगटाचेच मानांकन होते, हे आजी-आजोबांना कोणी सांगत नाही.

मुलाला 'व्यसनी' म्हणण्याचीही घाई नको. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसूनही तो न सुटणे, आणि हे साधारणपणे बारा महिने चालणे, अशा स्थितीलाच जागतिक आरोग्य संघटना खेळविकार म्हणते.

मला चिंता गोळीची अधिक वाटते. रक्तदाब वाढला तरी डोके दुखेलच असे नाही. पहिले लक्षण कधी कधी थेट पक्षाघातच असते. खर्चाची अडचण असल्यास डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. शासकीय रुग्णालयांत या गोळ्या विनामूल्य मिळतात, जनऔषधी केंद्रांत स्वस्त. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या मात्र घेऊ नयेत.

आजींच्या संमतीने मी नातवाला बोलावून घेतले. गोळ्यांची गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. तो बराच वेळ खाली मान घालून बसला. आता रोज सकाळी तोच आजींचा रक्तदाब मोजतो आणि वहीत लिहितो. मागच्या खेपेस वही पाहिली: १४६/८८. त्याच पानाच्या कोपऱ्यात खेळाला उरलेले दिवसही लिहिलेले होते.