मधल्या युद्धातली माणसं

दिल्लीतला कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड. कॅनॉट प्लेसपासून निघतो आणि इंडिया गेटच्या चौकाला मिळतो. त्या टोकाशी आपलं नवीन महाराष्ट्र सदन आहे, त्यामुळे कामानिमित्त दिल्लीला येणाऱ्या मराठी माणसाचे पाय या रस्त्याला लागतातच. ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे त्या कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, इंग्रजांच्या कैदेत गेल्या. त्याच वर्षी १० जुलैला माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडला. इंग्रजांच्याच फौजेत लढताना. वय बावीस.

नाईक घाडगे मराठा पलटणीचा. त्याच्या सेक्शनवर जवळून मशिनगनचा मारा झाला आणि तो सोडून सगळे मेले किंवा जायबंदी झाले. सोबतीला कुणी उरलं नाही हे कळत असताना हा एकटा त्या मोर्च्यावर धावून गेला. हातबॉम्बने गन आणि गन चालवणारा उडवला, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याच दस्त्याने लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याला छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या पत्नीने १९४५ साली इथेच दिल्लीत, लाल किल्ल्यावर, व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून घेतला. कोकणातल्या खेड्यातली कोवळ्या वयाची विधवा आणि समोर व्हाइसरॉय! त्या बाईला काय वाटलं असेल ते विचारायची कुणाला गरज वाटली नसावी.

सदनातून बाहेर पडलं की चालत काही मिनिटांत इंडिया गेट. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. ती पहिल्या महायुद्धातली आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली. पलीकडे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उघडलेलं राष्ट्रीय युद्ध स्मारक. तिथली नावं स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतली. मधलं युद्ध कुठे गेलं? दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली होती, सुमारे ८७ हजार माणसं मेली, आणि या सगळ्या परिसरात त्यांच्यासाठी नावांची एक भिंत नाही. इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली २०२२ पासून नेताजींचा पुतळा आहे, म्हणजे त्या युद्धाची आझाद हिंदची बाजू तिथे आहे, आणि ती असायलाच हवी. दुसरी बाजू मात्र दिल्ली कँटोन्मेंटमधल्या युद्ध दफनभूमीकडे गेली. तिकडे पर्यटकांची बस जात नाही.

कारण उघड आहे. पहिल्या युद्धाचं स्मारक इंग्रजांनी बांधलं, दुसऱ्याचं बांधायच्या आत त्यांचं इथलं बिऱ्हाड हललं. नव्या सरकारला साहेबाच्या फौजेतल्या माणसाचं काय करावं हे सुचलं नसणार. पण इंडिया गेटवरची माणसं तरी कुणासाठी लढली होती? बादशहासाठीच. त्यांना मान आणि त्यांच्या मुलांना विसर, हा न्याय मला पटत नाही. पलटणीत जाणं ही राजनिष्ठा होती असं समजणाऱ्याने त्या काळातला सातारा आठवावा. १९४३ पासून तिथे नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं आणि त्याच जिल्ह्यातून पोरं फौजेतही भरती होत होती. एकाच भावकीत एक भूमिगत आणि एक लान्सनाईक. कोरडवाहू जमिनीला मनीऑर्डरीचं पाणी लागत होतं, एवढं साधं ते गणित.

मेलेल्यांची निदान यादी आहे. घाडग्यांचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. परत आलेल्यांचं काय? तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर होते. एका जखमीला पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी मागे आणलं, पुन्हा जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं, तिसऱ्यांदा नदी ओलांडून मशिनगनचे तीन मोर्चे गप्प केले आणि बांधावर उभं राहून पलटणीची आरोळी देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ पर्यंत जगले. त्यांची ती संध्याकाळ पुस्तकात सापडते, पुढची एकोणचाळीस वर्षं सापडत नाहीत.

कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे १९४० साली मुंबई इंजिनिअर्समध्ये भरती झाले, आराकानमध्ये जपान्यांशी लढले. मग एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढत रणगाड्यांना रस्ता करून दिला आणि परमवीर चक्र जिवंतपणी घेतलं. १९५५ मध्ये संसार थाटला, १९६८ ला मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ ला पुण्यात वारले. युद्ध स्मारकात परमयोद्धा स्थळावर त्यांचा अर्धपुतळा आहे. तो १९४८ च्या राण्यांचा. आराकानचे राणे तिथे नाहीत.

ज्याला कुठलाच क्रॉस मिळाला नाही तो साधा शिपाई तर आणखी मागे. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा मराठ्यांची आख्खी दुसरी बटालियन कैद झाली. युद्धापुरती भरती झालेल्यांना पुढे १९४६-४७ च्या सुमारास घरी पाठवलं. पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागे, यांची भरली होती पाच-सहा. हातात डिस्चार्ज बुक, थोडे पैसे, चार पदकं. कुणी परळच्या गिरणीत लागला, कुणी पोलिसात, मोटार शिकून आलेल्या कुणाला पुढे १९४८ मध्ये सुरू झालेल्या एसटीचं स्टिअरिंग मिळालं. बाकीचे नांगराकडे. लग्नं झाली, पोरं झाली. घरात युद्धाचा विषय निघाला तर जेवण, थंडी आणि बोटीवरच्या ओकाऱ्या, एवढंच सांगत. पुढे राज्य सरकारने अशा निवृत्तिवेतन नसलेल्यांना आणि त्यांच्या विधवांना मासिक अनुदान सुरू केलं. ते घ्यायला अनेक जण हयात नव्हते.

सप्टेंबर २०२१ मध्ये याच रस्त्यावर संरक्षण खात्याची नवी कचेरी सुरू झाली. साउथ ब्लॉकजवळच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बराकींत चालणारी कार्यालयं त्यात आली. बराकींचं पुनर्वसन झालं, हे चांगलंच.

महाराष्ट्र सदनाला या रस्त्यावर भिंती काही कमी नाहीत. एका भिंतीवर घाडगे, जाधव आणि त्यांच्या बरोबरीच्या मराठी शिपायांसाठी एक शिळा लावायला राज्य सरकारने हरकत घेऊ नये. आणि ज्यांच्या घरात आजोबांचं डिस्चार्ज बुक अजून ट्रंकेत आहे त्यांनी ते वाळवी लागण्याआधी बाहेर काढावं, नंबर आणि पलटण उतरवून घ्यावी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक प्रत द्यावी. त्यासोबत एक कागद आपल्या हातानेही लिहावा: आजोबा परत आल्यावर काय करत होते.